मागेल त्याला काम

मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. 1971 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या होती 5 कोटी 4 लाख. म्हणजे मुंबईपासून चांद्यापर्यंत, तान्ह्या मुलांपासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे धरले, तरी दर दहा माणसांमागे एक जण त्या उन्हाळ्यात सरकारी कामावर खडी फोडत होता, माती वाहत होता किंवा बांध घालत होता. जगाच्या इतिहासात दुष्काळ निवारणाची इतकी मोठी कामं फार थोड्या ठिकाणी निघाली आहेत. तरीही पाठ्यपुस्तकांत त्यांना जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो.

त्या वर्षांतून गेलेली माणसं अजून खेड्यापाड्यांत आहेत. बोलतं केलं की ती पहिल्यांदा अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीबद्दल सांगतात, मग कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीबद्दल, आणि त्यानंतर खडीबद्दल. डोंगर पोखरून आणलेला दगड हातोड्याने फोडायचा, ठरलेल्या मापाचे तुकडे करायचे आणि ढीग लावायचा. ढिगाचं माप ब्रासमध्ये. मातीकामाची रीत वेगळी. पुरुषाने टिकावाने खणायचं, बाईने घमेल्यातून माती बांधावर नेऊन टाकायची. खणताना मधोमध मातीचा एक उंचवटा तसाच राखायचा, त्याला मटाम म्हणतात. माप घ्यायला आलेला ओव्हरसियर मटामाच्या उंचीवरून खड्ड्याची खोली मोजतो आणि टोळीची मजुरी ठरते. मटाम ढासळला तर आठवड्याच्या घामाचा पुरावा गेला. म्हणून संध्याकाळी घरी जाताना टोळीतलं कुणी ना कुणी मटाम धड आहे ना, हे पाहून जायचं.

हे असं काम काढण्याची पद्धत इंग्रजांची. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने रस्ते, कालवे आणि तलाव खणायला माणसं लावली. निरा डाव्या कालव्यासारखी काही कामं पुढे कायमची उपयोगी पडली. पण त्या कामांमागचा विचार कठोर होता. कामावर येणारा खरोखर उपाशी आहे की नाही, हे काम अवघड करून, मजुरी तोडून आणि ठिकाण घरापासून लांब ठेवून तपासायचं. भारत सरकारचा प्रतिनिधी म्हणून फिरणाऱ्या सर रिचर्ड टेंपलने साधारण एक पौंड धान्याच्या हिशेबावर मजुरी आणून ठेवली. दिवसभर दगड वाहणाऱ्या देहाला तेवढ्यावर जगणं अशक्य होतं. 1877 च्या सुरुवातीला दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कमी केलेली मजुरी घ्यायला नकार दिला आणि ते कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवत राहिले. भारतातल्या कामगार चळवळीचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. या उपाशी मजुरांच्या संपाला त्या इतिहासात अजून न्याय मिळालेला नाही.

पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. संहितेने अधिकाऱ्यांना कर्तव्य सांगितलं. मजुराला हक्क मात्र दिला नाही. दुष्काळ जाहीर करायचा की नाही, काम कधी काढायचं आणि कधी बंद करायचं, हे सगळं कलेक्टरच्या मर्जीवर. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं हीच चौकट चालू राहिली. फरक एवढाच पडला की कलेक्टरच्या जोडीला आमदार आला.

ही चौकट मोडण्याचा विचार ज्यांनी चिकाटीने केला ते वि. स. पागे. 1960 पासून 1978 पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. मुळात स्वातंत्र्यसैनिक, वृत्तीने गांधीवादी, आणि सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याशी जोडलेले. तासगावचा हा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस झाला तर ज्वारी, नाहीतर मुंबईची गाडी. 1965 मध्ये पाग्यांनी तालुक्यातल्या विसापूर भागात एकात्मिक क्षेत्रविकासाचा प्रयोग सुरू केला. त्यातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जमीनवाल्याला कर्ज, बियाणं, विहीर असं काहीतरी देता येतं, पण ज्याच्याकडे दोन हातांशिवाय काहीच नाही त्याच्यासाठी विकासाच्या आराखड्यात रकानाच नाही. त्याला काम हवं, आणि तेही दुष्काळ पडल्यावर नव्हे, दरवर्षी शेतीचा हंगाम संपल्यावर. पाग्यांनी ही मांडणी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे पुन्हा पुन्हा ठेवली. त्याच सुमारास, 1971 मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढत्या उत्पन्नाचा वाटा खालच्या थरापर्यंत आपोआप झिरपत नाही, त्यासाठी सार्वजनिक कामांवर मजुरी देण्याची व्यवस्था उभी करावी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. सभापतीच्या खुर्चीतला कार्यकर्ता आणि संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले होते.

1972 मध्ये रोजगार हमी योजना जाहीर झाली आणि तेवढ्यात दुष्काळाने सगळंच गिळलं. हमी बाजूला पडली, दुष्काळी कामं सुरू झाली.

त्या दुष्काळाचा पुढे अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी बारकाईने अभ्यास केला. पिकं इतकी बुडाली होती की माणशी धान्योत्पादनाचे आकडे पाहिले तर लाखोंचे बळी जायला हवे होते. ते गेले नाहीत. द्रेझ आणि अमर्त्य सेन यांचं विश्लेषण असं, की मजुरीचे पैसे हातात आल्यामुळे लोकांना धान्य विकत घेता आलं. सरकारी रेशनने भागलं तेवढं भागलं, बाकीचं धान्य या क्रयशक्तीच्या ओढीने आलं. हाल झाले, जनावरं गेली, कर्जं झाली, गावं ओस पडली, पण भूकबळींचे ढीग पडले नाहीत. आणि यात लोकांच्या दबावाचा वाटा मोठा होता. समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष अशा सगळ्यांचे मोर्चे तहसिलींवर जात होते. काम बंद पडलं की घेराव, मजुरी थकली की घेराव. वर्तमानपत्रं रोज आकडे छापत होती. सरकारला नजर चुकवायला जागाच उरली नव्हती.

दुष्काळ ओसरल्यावर हे सगळं विसरून जाणं सोपं होतं. महाराष्ट्र विसरला नाही, हे या राज्याच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं असं काम आहे. योजना पुन्हा सुरू झाली. 1975 मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात आजही जी व्यवसाय कराची कपात दिसते, तिचा जन्म खेड्यातल्या मजुराला काम देण्यासाठी झाला. असा जमा होणारा जेवढा कर, तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी रचना होती. 1977 मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते देणं सरकारवर बंधनकारक झालं. नाही दिलं तर बेकारी भत्ता. तो होता दिवसाला किमान एक रुपया, आणि प्रत्यक्षात तो क्वचितच कुणाच्या हाती पडला. तरी भत्त्याच्या त्या कलमाने सरकारची चूक ही चूक म्हणून कागदावर आली.

एकमत कसं झालं, हा समाजशास्त्राच्या अभ्यासकांचा आवडता प्रश्न. नुसत्या कळवळ्याने असे कायदे होत नाहीत. 1972 मध्ये मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आलेले लोंढे शहरांनी पाहिले होते. माणसाला गावातच काम मिळालं तर शहरावरचा ताण कमी होईल, हे पगारदारांना आणि कारखानदारांना पटण्यासारखं होतं. बागायतदाराला आणखी वेगळा हिशेब दिसत होता. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध होणार ते त्याच्या शिवारात. मजुरांची ऐन हंगामात टंचाई होऊ नये म्हणून कामं शक्यतो हंगामाबाहेर काढण्याची सोयही होती. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी 1983 मध्ये लिहिलेल्या निबंधात हे परखडपणे मांडलं: हमीतून मजुराला मजुरी मिळते, पण त्या मजुरीतून उभी राहणारी मालमत्ता जमीनवाल्याच्या पदरात पडते. त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. पाझर तलाव झाला की खालच्या बाजूच्या विहिरीला पाणी वाढतं. विहीर ज्याची, पाणी त्याचं. तलाव खणणाऱ्या बाईला त्यातला हंडाही हक्काने मिळत नाही.

तरीही त्या बाईकडे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. हमीच्या कामांवर बायकांचं प्रमाण सुरुवातीपासून मोठं होतं, चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि अनेक ठिकाणी निम्म्याहून जास्त. गोखले संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर यांनी मंजू साठे यांच्यासह केलेल्या पाहणीत हमीवर येणाऱ्यांपैकी नव्वद टक्के कुटुंबं दारिद्र्यरेषेखालची निघाली. पुढे दांडेकरांनी या योजनेकडे बायकांची रोजगाराची संधी म्हणून पाहणारा स्वतंत्र अभ्यासच केला. शेतावर बाईला पुरुषाच्या निम्मी, फार तर दोनतृतीयांश मजुरी मिळायची. हमीवर कामाचं माप एक, दर एक. कामावर पाळणाघर, पिण्याचं पाणी, सावली आणि औषधपेटी असावी, असं नियमात लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी पाळणाघर म्हणजे झाडाला बांधलेली झोळी आणि तिच्यापाशी बसवलेली एखादी म्हातारी. पण त्या म्हातारीचं नावही मस्टरवर लागायचं आणि तिलाही मजुरी मिळायची.

शिवाय 1977 च्या कायद्यात हक्क व्यक्तीला होता, कुटुंबाला नव्हे. नवऱ्याने टाकलेली, विधवा, भावाच्या दारात राहणारी, कुणीही प्रौढ बाई स्वतःच्या नावावर नोंदणी करू शकत होती. रेशनकार्ड सासरच्या नावावर, जमीन दिराच्या नावावर, मतदार यादीत कुणाची तरी बायको अशी जिची ओळख, तिला मस्टरवर मात्र स्वतःचा वेगळा अनुक्रमांक होता. सामाजिक धोरणाच्या चर्चांत दुर्बल घटक हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. त्या गटाच्या आतही कोण अधिक एकटं आहे, हे या कायद्याने ओळखलं होतं.

हक्काचा दुसरा परिणाम कागदावर लिहिलेला नव्हता. काम सुरू करायला किमान पन्नास मजूर हवेत, अशी अट होती. अधिकाऱ्यांनी काम टाळण्यासाठी तिचा भरपूर उपयोग केला. पण त्याच अटीमुळे मजुरांना एकत्र यावं लागलं. एकट्याने तहसीलदारासमोर उभं राहण्याची हिंमत ज्यांच्यात नव्हती, ते पन्नास जण मिळून गेले. शहाद्याची श्रमिक संघटना, पालघरची भूमिसेना यांसारख्या आदिवासी संघटनांना हमीने एक ठोस मागणी पुरवली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे राबणारे लग्नगडी होते. बाहेर काम मिळण्याची शक्यता असली तरच असा माणूस मालकाच्या दारातून बाहेर पडू शकतो.

मजुरांनी कामाच्या स्वरूपावरही बोलायला सुरुवात केली, हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकाने 1972 च्या दुष्काळात माणसं निरर्थक कामांवर राबताना पाहिली. नायगाव इथे देवस्थानाची चाळीस एकर माळरानाची जमीन घेऊन त्यांनी पाणलोटाचं काम उभं केलं आणि त्यातून पाणी पंचायत निघाली. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात 1982 च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांनी हमीचं काम मागितलं. काम मिळालं ते रस्त्याचं. तेव्हा दरवर्षी तोच रस्ता का, दुष्काळ हटवणारं काम का नाही, असा प्रश्न पुढे आला. भारत पाटणकर आणि गेल ऑम्वेट ज्यात होते त्या मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळवडी आणि तांदुळवाडी या गावांसाठी बळीराजा धरण बांधून दाखवलं. ठेकेदार उपसून नेत होते ती नदीतली वाळू विकण्याचा हक्क गावकऱ्यांनी मिळवला आणि त्या पैशातून धरण उभं केलं. हेरिंग आणि एडवर्ड्स यांच्या टीकेला नायगाव आणि बळवडीने दिलेलं उत्तर कुठल्याही विद्यापीठातल्या उत्तरापेक्षा भक्कम होतं. सरकारने ते राज्यभर का नेलं नाही, याचा जाब मात्र कुणी दिलेला नाही.

सरकारने वेगळी वाट धरली. 1990 मध्ये फळबाग लागवड हमीला जोडली गेली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे घ्यायचे, कलमं लावायची आणि मजुरी हमीतून घ्यायची. डाळिंब, बोर, आंबा, काजू यांचं क्षेत्र त्यामुळे झपाट्याने वाढलं. लहान शेतकऱ्याला त्याचा खरा फायदा झाला. भूमिहीनाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

याच काळात हमीला मोठा तडा गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात स्पष्ट केलं होतं, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम घेणं म्हणजे वेठबिगारी. महाराष्ट्रात 1988 मध्ये शेतमजुरीचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि हमीचे दरही वाढले. वाढलेल्या दराला कामावर गर्दी व्हायला हवी होती. झालं उलटंच, रोजगाराचे दिवस झपाट्याने घटले. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी आकडे तपासून दाखवलं, की लोक काम मागत होते, सरकारच कामं काढत नव्हतं. खर्च आवरायचा तर कामं मंजूर करू नका, अर्ज घेऊ नका, घेतला तर पोच देऊ नका. कायद्याच्या एका शब्दालाही हात न लावता हमी मोडता येते, हे तेव्हा सिद्ध झालं. बोगस मस्टर, न आलेल्या मजुरांची नावं, थकलेली मजुरी ही दुखणी होतीच. पण गैरव्यवहाराने जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त नुकसान न काढलेल्या कामांनी केलं.

महाराष्ट्राची कल्पना देशाने घेतली ती 2005 मध्ये. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संसदेत मंजूर झाला, 2 फेब्रुवारी 2006 पासून 200 जिल्ह्यांत आणि एप्रिल 2008 पासून साऱ्या ग्रामीण भारतात लागू झाला. पुढे त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं आणि तो मनरेगा झाला. त्यात ग्रामपंचायतीला कामं ठरवण्याचा अधिकार आला, सामाजिक अंकेक्षण आलं, मजुरी बँकेत आणि पोस्टात जाऊ लागली. पण हक्काचं माप बदललं. महाराष्ट्राच्या कायद्यात प्रत्येक प्रौढाला वर्षभर कधीही काम मागता येत होतं. केंद्राने कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस दिले, सगळ्यांत मिळून. एकट्या बाईचा वेगळा अनुक्रमांक आता कुटुंबाच्या जॉबकार्डात गेला. शंभर दिवसांपुढचा खर्च राज्याने सोसून आपली जुनी हमी कागदोपत्री जिवंत ठेवली, तरी केंद्रीय योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत तिचा जन्मदाता महाराष्ट्र राजस्थान आणि आंध्रच्या मागेच होता.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कुटुंबामागे 125 दिवस आहेत, बहुतेक राज्यांवर खर्चाचा 40 टक्के वाटा आहे आणि शेतीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची तरतूद आहे. ज्याने महाराष्ट्राचा इतिहास वाचला आहे त्याला हंगामाची ही तडजोड नवी नाही. राज्याच्या तिजोरीवर भार वाढला की काय होतं, हेही 1988 नंतरच्या वर्षांनी दाखवून ठेवलं आहे.

म्हणून गावात काम मागायला जाणाऱ्या माणसासोबत जाण्याची ज्यांना सवड आहे, त्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, निवृत्त कर्मचाऱ्यांनी आणि बचत गटांच्या बायकांनी एक काम जरूर करावं. मागणीचा अर्ज लेखी द्यायला लावावा, आणि त्यावर तारीख घातलेली पोच हातात पडल्याशिवाय कुणालाही कचेरीतून परत येऊ देऊ नये. काम देण्याच्या मुदतीचे पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.